सोन्यातील प्राणिसृष्टी व तिचे मोल

निपाणी-बेळगावपासून कोल्हापूरपर्यंतच्या आपल्या सीमाभागात लग्नकार्याच्या वेळी सुवासिनींच्या गळ्यात साज हमखास दिसतो. तो जवळून न्याहाळला म्हणजे मासा, कासव, नाग, भुंगा अशी एक छोटी प्राणिसृष्टीच नजरेस पडते. पूर्ण साजाची पदके २१ : दशावतारांची १०, अष्टमंगलाची ८, माणिक व पाचू यांची २ आणि शेवटचा १ ताईत, अशी परंपरेची मोजणी आहे.

ही पदके घडतात कशी? सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकून त्यास आकार देतात आणि आतील पोकळीत लाख भरतात. त्यामुळे थोड्या सोन्यात दागिना भरदार दिसतो. परंतु तोच मोडीत आला म्हणजे लाख जळून जाते, वजन घटते, आणि ज्या घडणावळीने त्याला रूप दिले तिचा तर एक पैसाही हाती येत नाही.

याच्या उलट एक परदेशी उदाहरण पाहण्याजोगे आहे. पॅरिस येथील कार्टिए ही पेढी १८४७ साली स्थापन झाली. बिबट्या हे तिच्या अलंकारांचे प्रसिद्ध चिन्ह होय. झान तूसाँ या बाईंच्या देखरेखीखाली ते विशेष बहरले. डचेस ऑफ विंडसर यांच्यासाठी १९५२ साली घडविलेल्या कंकणात बिबट्याचे अंग हिऱ्यांचे, ठिपके काळ्या ऑनिक्सचे व डोळे पाचूचे असून, सांध्यांमुळे तो मनगटाभोवती सहज वळतो. २०१० साली लंडनच्या लिलावात त्यास सुमारे ४५ लक्ष पौंड मिळाले. एवढी किंमत केवळ हिऱ्यांची नव्हे. कोणी घडविले, केव्हा व कोणासाठी, याची नोंद शाबूत होती. ती किंमत कसबाची, मालकिणीच्या नावाची आणि त्या नोंदीची आहे.

आपल्या कारागिरांचे कसब कमी नाही. उणीव आहे ती नोंदीची. आजच्या हॉलमार्कवरून सोन्याचा कस कळतो, पण साज घडविणाऱ्या हातांचे नाव त्यावर नसते. म्हणून सराफ बंधूंना सुचवावेसे वाटते की, जुना साज मोडीत येताच तो मुशीत घालू नये. प्रथम त्याचे छायाचित्र घ्यावे; कारागीर, गाव व साल यांविषयी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे; आणि मोडीचा भाव सांगतानाच अखंड दागिन्याचे मोलही ग्राहकास समजावून द्यावे. नवा साज देताना पावतीवर घडविणाऱ्याचे नाव लिहिण्यास खर्च तो कितीसा?

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. साजातील वाघनख सोन्याचे असते, त्यास हरकत नाही. परंतु जुन्या दागिन्यात खरे वाघनख जडविलेले आढळल्यास त्याची खरेदी-विक्री करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती निषिद्ध आहे. जिवाला इजा न करता त्याचे रूप सोन्यात उतरविणे, हेच या कलेचे खरे भूषण होय.