घर आधी की बाळ? गृहकर्जापूर्वी करा हप्त्याची रंगीत तालीम

लग्नाला दोन वर्षे झाली, दोघेही नोकरी करतात आणि घरभाडे दर अकरा महिन्यांनी वाढते. या टप्प्यावर अनेक तरुण जोडप्यांपुढे दोन मोठे निर्णय एकदमच येतात: स्वतःचे घर आणि बाळ. बचत हवी, हे दोघांनाही पटलेले असते. पण महिनाअखेरीस उरेल ते बाजूला टाकू म्हटले, की फारसे काही उरत नाही. यावर एक उपाय म्हणजे कर्जाचा हप्ता सुरू होण्याआधीच तो स्वतःच्या खात्यात ‘भरायला’ लागणे.

किती पैसे लागतात?

समजा, पुण्यातील एका जोडप्याच्या हातात दरमहा ५२ हजार आणि ४३ हजार रुपये पगार येतो. घरभाडे १८ हजार आहे. त्यांना ६० लाखांचा, ताबा मिळण्यास तयार असलेला फ्लॅट घ्यायचा आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या कमाल ८० टक्के रक्कम देऊ शकते. म्हणजे कर्ज ४८ लाख आणि पदरचे १२ लाख. पुणे शहरात अधिभारासह ७ टक्के मुद्रांक शुल्क धरले तर ४ लाख २० हजार आणि नोंदणीचे ३० हजार वेगळे. एकूण साडेसोळा लाख रुपये हाताशी हवेत. घर फक्त पत्नीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का, म्हणजे ६० हजारांची सवलत मिळते. मालक म्हणून पतीचेही नाव लावले, तर ती मिळत नाही.

तालीम कशी करायची?

४८ लाखांचे कर्ज, ८.५ टक्के व्याज आणि २० वर्षे मुदत धरली, तर हप्ता सुमारे ४१,६५० रुपये होतो. त्यातून सध्याचे भाडे वजा केले, की २३,६५० रुपये उरतात. तेवढी रक्कम पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आवर्ती ठेवीत, म्हणजे आरडीत आपोआप वळती होईल, अशी सूचना बँकेला द्यावी. १८ महिन्यांत व्याज न धरताही ४ लाख २५ हजार ७०० रुपये जमतात. मुद्रांक शुल्काची सोय झाली.

चौथ्या-पाचव्या महिन्यातच क्रेडिट कार्डावर किराणा भरावा लागला, तर हा हप्ता झेपणारा नाही, हे कर्ज घेण्याआधीच कळते. आरडी मोडता येते, २० वर्षांच्या कर्जातून तितक्या सहज बाहेर पडता येत नाही.

एका पगारात भागेल?

कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा मिळते. त्यासाठी आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. खासगी नोकरीत वडिलांना रजा देण्याची मात्र कायदेशीर सक्ती नाही. खरा प्रश्न २६ आठवड्यांनंतर उभा राहतो. आईने सहा महिने नोकरी थांबवली, तर ५२ हजारांतून हप्ता जाऊन १०,३५० रुपये उरतात. वडील थांबले, तर अवघे १,३५०. म्हणजे नोकरीतून थांबायचे की नाही, हे त्या दोघांऐवजी हप्ताच ठरवतो.

म्हणून दुसरी तालीम करावी. तीन महिने भाड्यासह सगळा खर्च एकाच पगारातून चालवायचा. दुसऱ्या पगारातून आरडी जाऊनही तीन महिन्यांत ५८ हजार रुपये आणीबाणीसाठी साठतात. १८ हजार भाड्यातच ओढाताण झाली, तर कर्ज कमी करावे किंवा खरेदी पुढे ढकलावी. याच दराने ३५ लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे ३०,४०० रुपये येतो आणि मोठ्या पगारातून २१,६०० रुपये उरतात.

आधी उरका ही कामे

• आरोग्य विमा: वैयक्तिक पॉलिसीत प्रसूती खर्चासाठी अनेकदा प्रतीक्षा कालावधी असतो. ऑफिसच्या गटविम्यात किती रक्कम मिळते, तेही तपासा.

• पीएफ नॉमिनी: लग्नाआधी केलेले ईपीएफचे नामनिर्देशन लग्नानंतर रद्द ठरते. ते नव्याने करा.

• बँक खाते: १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेव खात्याला चार नॉमिनी लावता येतात.

• पैसे कुठे ठेवावेत: बँक ठेवींना प्रति ठेवीदार, प्रति बँक व्याजासह ५ लाखांपर्यंत विमा असतो. ओळखीतल्या भिशीला तो नसतो. घराचे पैसे तिथे अडकवू नका.

• महिन्यातून एकदा हिशेब: दोघांनी एकत्र बसून खर्च पाहा. कोणाचा पगार जास्त, यापेक्षा कोणता खर्च दोघांनाही हवा आहे, यावर बोला.