जुनी तोफ, नवी नळी

आमच्या गोंदियाहून पूर्वेला निघा की पश्चिमेला, समुद्र शेकडो मैल दूर! इथल्या माणसाने किनाऱ्यावरच्या तोफांविषयी लिहावे, हे जरा धाडसच. पण नॅरोगेजची ब्रॉडगेज होताना पाहिलेल्या गावाला जुन्यातून नवे काढण्याची ही कथा परकी वाटू नये.

जंजिऱ्यावरची कलालबांगडी पुष्कळांनी पाहिली असेल. तसल्या तोफांची नळी आतून गुळगुळीत. गोळा सैल बसे आणि सुटताच भरकटे. १८५९ साली फ्रान्सने ‘ला ग्ल्वार’ हे चिलखती जहाज पाण्यात उतरवले आणि इंग्रजांच्या हजारो ओतीव तोफा बसल्या जागी म्हाताऱ्या झाल्या. त्यांच्यात नुसते आटे पाडावेत, तर ओतीव लोखंड पडले ठिसूळ. आटे असलेल्या नळीत जड गोळा ढकलताना दाब वाढतो आणि तोफच फुटायची!

तोड काढली ती तोफखान्यातल्या कुणी नव्हे, तर विल्यम पॅलिसर या घोडदळातल्या अधिकाऱ्याने. आठ इंची तोफ आतून साडेदहा इंचांपर्यंत कोरायची आणि तीत घडीव लोखंडाची ६.२९ इंच व्यासाची नळी सारायची. मग त्या नळीत तीन आटे पाडायचे. गंमत पुढेच आहे. ही नळी खरी घट्ट बसे ती चाचणीच्या बाराने! स्फोटाच्या दाबाने ती किंचित फुगे आणि जुन्या लोखंडाला कायमची चिकटे. घडीव लोखंड ताण सोसून घेई, ओतीव कवच त्याला बाहेरून आवळून धरी. बत्तीस पौंडी तोफेचेही असेच झाले. तिचा व्यास फारसा बदलला नाही, पण वाटोळ्याऐवजी लांबट गोळा आल्याने ती चौसष्ट पौंडी ठरली.

मला मात्र ही काटकसर अर्धीच वाटते. दारू अजून तोंडातूनच भरायची, म्हणजे गोलंदाजाने शत्रूसमोर उभे राहायचे. मुंबई बंदरासाठी १८७० साली ‘मॅग्डाला’ व ‘ॲबिसिनिया’ ही नवी चिलखती जहाजे पाण्यात उतरली. न्यूझीलंडच्या वाट्याला, रशियन स्वारीच्या धास्तीने तटबंदी उभी राहिली तेव्हा, या चौसष्ट पौंडी आल्या. तोवर पाठीमागून भरायच्या तोफांचे युग सुरू झालेच होते.

आज त्यांतल्या काही तिकडच्या बागांतून पडून आहेत. मुले त्यांवर घोडा घोडा खेळतात. तोंडाशी वाकून पाहिले, तर जाड ओतीव लोखंडाच्या आत बसवलेल्या नळीची कड दिसते.