अंतर एक, वेळ दोन
लंडन आणि न्यूयॉर्क यांमधील हवाई अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर असून ते सपाट नकाशावर पट्टी ठेवून नव्हे, तर पृथ्वीच्या गोलावर ताणलेल्या दोऱ्याने मोजावे लागते. या लघुतम मार्गाला बृहद्‌वृत्तीय मार्ग म्हणतात आणि नकाशावर तो उत्तरेकडे वाकलेला दिसतो. अंतर तेच असूनही न्यूयॉर्कहून लंडनला साधारण ७ तास, तर उलट दिशेने जवळपास ८ तास लागतात. खाली पृथ्वी फिरते म्हणून असे होते, हा समज पटण्याजोगा वाटला तरी चुकीचा आहे, कारण वातावरणही तिच्याबरोबरच फिरत असते. खरे कारण म्हणजे सुमारे १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा, म्हणजेच जेट प्रवाह. ध्रुवीय व उष्ण प्रदेशांतील हवेच्या तापमानातील फरकावर तो पोसला जात असल्याने हिवाळ्यात अधिक जोर धरतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाने याच वाऱ्याच्या साथीने न्यूयॉर्क ते लंडन हा प्रवास ४ तास ५६ मिनिटांत पूर्ण केला. घड्याळाची गंमत निराळीच: लंडन ५ तास पुढे असल्याने, साडेतीन तासांत महासागर ओलांडणाऱ्या कॉन्कॉर्ड विमानाचा प्रवासी स्थानिक वेळेनुसार निघण्याच्या आधीच न्यूयॉर्कला पोहोचत असे. ती सेवा २००३ मध्ये बंद झाली.