पावसाळ्यातली उचल
(लेखमाला : पाटी आणि पोट, लेखांक ५)

मागच्या लेखांकात द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडकडे येणारी कुटुंबं पाहिली. तिथे पोर निदान आईच्या नजरेसमोर असतं. आजची मुलं एकटीच गेलेली.

सप्टेंबर २०२२. इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वाडीवरची एक लहान मुलगी नाशिकमध्ये उपचार सुरू असताना दगावली. ती शेजारच्या नगर जिल्ह्यात मेंढ्यांमागे राबत होती. घोटी पोलिसांत गुन्हा दाखल झाला, श्रमजीवी संघटनेने प्रकरण लावून धरलं, आणि तशीच आणखी मुलं एकामागून एक सापडत गेली. बोली काय, तर वर्षाला काही हजार रुपये आणि एक मेंढी.

‘आईबापांनी पोर विकलं’ असे मथळे तेव्हा झळकले. मला ते पटत नाहीत. कातकऱ्यांचा मूळ धंदा खैराच्या लाकडापासून कात पाडण्याचा. जंगलावर सरकारी पहारा बसला आणि तो गेला. मग कोळशाच्या भट्ट्या, त्यानंतर वीटभट्ट्या. जमीन बहुतेकांना नाही. झोपडीखालची जागाही अनेकदा दुसऱ्याची. पावसाळ्यात भट्ट्या बंद, भाताची लावणी उरकली की हाताला काम नाही. घरात कुणी तापाने फणफणलं की उचल घ्यावीच लागते. मेंढ्या वळायला पोर दिलं की पैसे येतात आणि खाणारं एक तोंड कमी होतं. कागद कसलाच होत नाही. पुढच्या वर्षी पहिला हिशोब मिटायच्या आत दुसरी उचल अंगावर येते, पोर तिथेच राहतं. (मेंढपाळांची स्वतःची मुलंही कळपामागे फिरत शाळेला मुकतात, हेही सांगायला हवं. त्याने गुन्हा हलका होत नाही.)

वेठबिगारीविरुद्ध कायदा १९७६ पासून आहे. त्याने असं कर्ज आपोआप रद्द होतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड; म्हणजे दंड जवळपास उचलीएवढाच! सुटलेल्या मुलासाठी २०१६च्या केंद्रीय योजनेत दोन लाखांची तरतूद आहे. तातडीने हातात पडते ती थोडी रक्कम, बाकीची खटल्यात वेठबिगारी सिद्ध होण्यावर लटकलेली. व्यवहार सगळा तोंडी, मग सिद्ध करायचं कशावरून?

शाळेचंही तसंच. वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला दारातून परत पाठवता येत नाही, वर्षाच्या मध्येही घ्यावं लागतं, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. पण शिष्यवृत्तीपासून पुढची बरीचशी दारं जातीच्या दाखल्याने उघडतात, आणि अनुसूचित जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याच्या आजोबाचं नाव कुठल्या सातबाऱ्यावर कधी चढलंच नाही, त्याने तो कुठून आणायचा? केंद्राच्या यादीत कातकरी ‘विशेष असुरक्षित’ जमातींत आहेत. महाराष्ट्रात अशा जमाती तीनच: कातकरी, कोलाम, माडिया. आदिवासी विकास आयुक्तालय तर खुद्द नाशकात.

या सगळ्यात एक योजना मला नेमकी नस पकडणारी वाटते, ती खावटीची. आदिवासी कुटुंबांना पावसाळ्याच्या तोंडावर धान्य-मीठ घेता यावं म्हणून १९७८ साली सुरू झालेलं हे कर्ज. मधल्या काळात ते बंद पडलं. करोनाकाळात एका वर्षापुरतं अनुदान म्हणून परत आलं: चार हजार रुपये, निम्मे खात्यात, निम्म्याचं धान्य-किराणा. मेंढपाळाच्या उचलीची आणि सरकारच्या खावटीची रक्कम ताडून पाहा. पण त्या वर्षीचा निर्णय झाला सप्टेंबरात, म्हणजे पावसाळा सरता सरता. उचल देणारा आषाढातच वाडीवर येऊन गेलेला असतो, आणि तो दाखले मागत नाही.

पुढच्या लेखांकात : आश्रमशाळेची दिवाळीची सुट्टी आणि परत न येणारी मुलं.