हाताला हुनर, डोक्याला तालीम : पाबळच्या विज्ञान आश्रमातील एक दिवस

गेल्या वर्षी आमच्या आठवीच्या वर्गातील एका मुलाची अम्मी दाखला मागायला शाळेत आली. साकीनाक्याला मुलाच्या अब्बांचे छोटे गॅरेज आहे. "टीचर, याचं मन पुस्तकात लागत नाही. उगाच वर्षं कशाला घालवायची?" असे ती म्हणाली. आम्ही समजूत घालून पाहिली आणि शेवटी दाखला लिहून दिला. वर्तणूक चांगली, प्रगती साधारण. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारा हा मुलगा विज्ञानात नापास होत होता आणि त्याला काय येते हे लिहायला दाखल्यात रकानाच नव्हता.

ही गोष्ट मनातून जाईना. म्हणून आम्ही चार शिक्षकांनी पाबळला जायचे ठरवले. एका शनिवारी फजरची नमाज अदा करून अंधेरीहून निघालो. पाबळ हे पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातले गाव. मुलूख दुष्काळी. तिथल्या विज्ञान आश्रमाबद्दल ऐकून होतो. पण त्याचे मूळ आमच्याच उपनगरात आहे हे फार जणांना ठाऊक नसते. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हर कंपनीच्या अंधेरीतील संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होते. अमेरिकेतून डॉक्टरेट, मोठ्या कंपनीत मोठा हुद्दा. ते सारे सोडून १९८३ साली त्यांनी पाबळला आश्रम सुरू केला. माणूस काम करता करता शिकतो, तीच शिकण्याची नैसर्गिक पद्धत आहे, असे त्यांचे मत होते. २००३ मध्ये त्यांचे निधन झाले. काम आजही चालू आहे.

आवारात शिरताच गोल घुमटांची घरे दिसली. हेच ते 'पाबळ डोम'. त्रिकोण जोडत जोडत ही घरे उभी राहतात. इथला मुख्य अभ्यासक्रम एक वर्षाचा आणि निवासी आहे. शाळा मध्येच सुटलेली, दहावीत अडलेली मुलेही इथे येतात. कामाचे चार विभाग आहेत : अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. मुलगा असो वा मुलगी, चारही विभागांत हात घालावाच लागतो.

वर्कशॉपमध्ये एक मुलगी पाण्याच्या टाकीसाठी लोखंडी स्टँड करत होती. आम्ही जवळ गेलो तेव्हा चौकट जरा वाकडी दिसत होती. शिकवणाऱ्यांनी चूक दाखवली नाही. ते एवढेच म्हणाले, "दोन्ही कर्ण मोज." तिने टेप लावली. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा जवळजवळ बोटभर जास्त भरला. ती स्वतःच म्हणाली, "कोपरे काटकोनात नाहीत." मग ठोकून, पुन्हा मोजून, दोन्ही कर्ण सारखे आल्यावरच तिने चष्मा चढवला आणि वेल्डिंगला सुरुवात केली.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आयताचे कर्ण समान असतात, हे प्रमेय आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. ते कशासाठी लागते, हे आमच्या एकाही विद्यार्थ्याने विचारले नव्हते आणि आम्हीही सांगितले नव्हते.

काम थांबल्यावर तिने वही दाखवली. लोखंड किती किलो, दर काय, वेल्डिंगचे रॉड किती, वीज किती, मजुरी किती, एकूण किंमत काय. प्रत्येक कामाचा असा हिशेब लिहावाच लागतो. कोंबड्या पाळल्या तर खाद्य किती गेले आणि वजन किती वाढले ते लिहायचे. चिक्की केली तर वडीमागे खर्च काढायचा. गृह आणि आरोग्य विभागात रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासायला शिकवतात. डोळ्यांनी पाहिलेले शरीरशास्त्र मग विसरत नाही.

जुहरची नमाज आम्ही आवारातच एका झाडाच्या सावलीत अदा केली. सकाळपासून लोखंडाचा आवाज कानात होता आणि हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांची आठवण येत होती. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि पैगंबर असूनही ते स्वतःच्या हाताच्या कमाईचे खात. ही गोष्ट मुलांना आपण मोठ्या आदराने सांगतो. मात्र हाताने काम करणाऱ्या मुलाला वर्गात मागच्या बाकावर बसवतो.

ही पद्धत नवी आहे असेही नाही. किलपॅट्रिकने १९१८ साली मांडलेली प्रकल्प पद्धती आम्ही बी.एड.ला चक्क पाठ करून लिहिली होती! दिल्लीच्या जामिया मिल्लियाच्या प्राथमिक शाळेत अब्दुल गफ्फार मुधोली यांनी ती मुलांसोबत राबवली. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेने हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला, तेव्हा त्याचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, पुढे देशाचे राष्ट्रपती झालेले. आपल्याच घरातला हा वारसा आपण विसरलो.

यावर पालकांची एक शंका असते आणि ती रास्त आहे. "आमचा मुलगा मेकॅनिकच राहावा का? डॉक्टर, इंजिनीअर फक्त दुसऱ्यांच्या मुलांनी व्हायचं?" आम्हीही हे बोलून दाखवले. त्याचे उत्तर आम्हाला त्या वहीतच मिळाले. गॅरेजमध्येही मुलाचा हात चालतो. पण तिथे 'का' विचारायला कुणाला सवड नसते आणि लिहायला वही नसते. पाबळला हात चालतो, मग प्रश्न येतो, मग मोजमाप, मग पुस्तक. हुनर आपल्या वस्त्यांत भरपूर आहे. त्याला तालीम जोडायची राहिली आहे. शिवाय हे फक्त शाळा सुटलेल्यांसाठी नाही. आश्रमाने तयार केलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम महाराष्ट्रातील अनेक शाळांत आठवी ते दहावीला आठवड्यातून एक दिवस चालतो. आधुनिक यंत्रांची फॅब लॅबही पाबळला २००२ पासून आहे.

परतताना मस्तानीच्या कबरीपाशी थांबलो. तीही याच गावात आहे. फातिहा पढून मुंबईची वाट धरली.

आमची शाळा दोन पाळ्यांत भरते, वर्ग खचाखच भरलेले, वर्कशॉपला जागा नाही. तरी एक गोष्ट सुरू केली आहे. वर्गातील मोडक्या बाकांच्या दुरुस्तीचा अंदाज आठवीच्या मुलांनीच काढायचा : फळी किती, खिळे किती, खर्च किती. पहिल्याच दिवशी क्षेत्रफळाचे सूत्र तीन मुलींनी न विचारता वापरले.

आणि त्या मुलाच्या गॅरेजवर आम्ही गेलो. पाबळचे फोटो दाखवले. तो बराच वेळ वेल्डिंगचा फोटो बघत राहिला. मग विचारले, "टीचर, तिथं इंग्रजी लागतं का?" नाही म्हटल्यावर हसला. अब्बा म्हणाले, "दुकानात हात कमी पडेल. विचार करतो." त्यांची अडचण खरी आहे. आम्ही पुढच्या शुक्रवारी पुन्हा जाणार आहोत. या खेपेला दाखला द्यायला नाही, तर मुलाला पुन्हा तालमीत आणायला. दुआ करा.