दोन दारांची हौस, चार दारांचा संसार

पिंपरीत टाटा, चाकणला मर्सिडीज, फोक्सवॅगन आणि महिंद्रा, रांजणगावला फियाट. पुण्यापासून तास-दीड तासाच्या अंतरात मोटारींचे एवढे कारखाने आहेत. गाड्यांची परीक्षा घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून इथेच आहे आणि वेताळ टेकडीच्या एका भागाला लोक आता तिच्याच नावाने ओळखतात. तरीही दोन दारांची, बुटकी, उतरत्या छताची आणि फक्त चालवण्याच्या आनंदासाठी घडवलेली कुपे या पट्ट्यात तयार होऊन बाजारात टिकली, असे एकदाही झाले नाही. प्रयत्न मात्र झाले. त्यातले काही प्रदर्शनाच्या मंचावर थांबले, काही रस्त्यावर येऊन विरले, आणि आज त्यांचा वारसा चार दारे व मोठी डिकी घेऊन शोरूममध्ये उभा आहे. किंमत, बांधणी आणि कामगिरी या तीन कसोट्यांवर या सगळ्यांना एकदा शेजारी शेजारी उभे करून पाहू.

मंचावरून न उतरलेल्या

नव्वदच्या दशकाच्या आरंभी पिंपरीतून निघालेली टाटा सिएरा ही कुपे नव्हे, पण तिला बाजूची दोनच दारे होती आणि मागे प्रचंड काच होती. दोन दारांची गाडी घरी आणायला भारतीय कुटुंब तयार आहे का, याची ती मोठी परीक्षा. उत्तर फारसे उत्साहवर्धक नव्हते. पुढे २००० च्या सुमारास टाटांनी 'आरिया' नावाची रोडस्टर आणि तिच्या जोडीने कुपेही परदेशी प्रदर्शनांत मांडली. त्या गाड्या कारखान्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत. २०१० मध्ये 'आरिया' बाजारात आली तेव्हा ते नाव सात माणसांच्या कौटुंबिक गाडीला मिळाले होते. हौस कशी संसाराला लागते, याचा इतका चोख दाखला दुसरा नसेल.

खरी हुरहूर लावली ती 'रेसमो'ने. मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात टाटांनी ही दोन आसनांची कुपे दाखवली. लांबी चार मीटरच्या आत, १.२ लिटरचे टर्बो इंजिन चालकाच्या पाठीमागे, ताकद १९० अश्वशक्ती, आणि शून्य ते शंभर सहा सेकंदांच्या आत, असा कंपनीचा दावा. इंजिन ओळखीचे, आकार आटोपशीर, म्हणजे किंमतही आवाक्यात राहील, अशी आशा होती. पण हजारोंच्या संख्येने न खपणाऱ्या गाडीसाठी स्वतंत्र सांगाडा आणि स्वतंत्र साचे करायचे, तर प्रत्येक गाडीवर पडणारा खर्च भलताच वाढतो. हिशेब जमला नाही आणि प्रकल्प गुंडाळला गेला.

रस्त्यावर आलेल्या

प्रयत्न पुण्याबाहेरच्यांनीही केले. गोव्याच्या सॅन मोटर्सने १९९८ मध्ये 'स्टॉर्म' आणली. फायबरग्लासचे अंग, उघडे छत, दोन आसने आणि रेनॉचे १.२ लिटरचे इंजिन. ताकद साठ अश्वशक्तीच्या आसपास, पण अंग हलके. कळंगुटच्या रस्त्यावर शोभणारी ही गाडी पुण्याच्या पावसात आणि उन्हात रोज कोण चालवणार, हा प्रश्न होताच.

मुंबईच्या दिलीप छाब्रियांची 'अवंती' २०१२ च्या दिल्लीतील ऑटो एक्स्पोत अवतरली. दोन लिटरचे टर्बो इंजिन मध्यभागी, सुमारे २५० अश्वशक्ती, किंमत ३५ लाखांच्या घरात. देखणेपणात ती कुणालाही हार गेली नसती. पण ज्या कंपनीचे सर्व्हिसचे जाळे नाही, सुटे भाग शेजारच्या दुकानात मिळत नाहीत आणि पाच वर्षांनी विकायला काढल्यावर किती येतील हे कुणी सांगू शकत नाही, तिच्यावर ३५ लाख लावायला निधडी छाती लागते. बांधणीचा दर्जा नुसता पत्र्यात नसतो. दहा वर्षांनी दरवाज्याचे रबर मिळते का, यातही तो असतो.

या सगळ्यांत माझ्या मते सर्वांत प्रामाणिक गाडी निघाली ती रांजणगावातून, आणि तिचे नाव कुपे नव्हतेच. २०१५ मध्ये फियाटने 'अबार्थ पुंटो' आणली. १.४ लिटर टर्बो, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार. दार बंद करताना येणारा भरीव आवाज, जड स्टिअरिंग, खड्ड्यातून जातानाही न डगमगणारे अंग, ही फियाटची जुनी ओळख तिच्यात पुरेपूर होती. उणे होते ते आतल्या सजावटीत, मायलेजमध्ये आणि कंपनीच्या भारतातल्या भवितव्यात. काही वर्षांतच फियाटने इथला प्रवासी गाड्यांचा संसार आवरला.

आजच्या पंक्तीत

आज कुपे हा शब्द बहुतेकदा उतरत्या छताच्या एसयूव्हीला चिकटलेला दिसतो. टाटांची 'कर्व्ह' ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये आली. तेव्हा पेट्रोलची सुरुवातीची किंमत होती ९ लाख ९९ हजार, विजेवरची १७ लाख ४९ हजार. डिकी ५०० लिटरची. भारत एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे. विजेवरच्या मोठ्या बॅटरीच्या गाडीची ताकद १६७ अश्वशक्ती आणि शून्य ते शंभर ८.६ सेकंद, हा कंपनीचा दावा. ही मुळात कौटुंबिक गाडी आहे. रूप तेवढे कुपेचे.

चाकणला तयार होणारी महिंद्राची 'बीई ६' नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली, तेव्हा सुरुवातीची किंमत होती १८ लाख ९० हजार. छोट्या बॅटरीत २३१ आणि मोठ्या बॅटरीत २८६ अश्वशक्ती, मोटर मागच्या चाकांना, शून्य ते शंभर ६.७ सेकंद. पाच तारे तिलाही मिळाले, प्रौढांच्या सुरक्षिततेत ३२ पैकी ३१.९७ गुणांसह. ऑगस्ट २०२५ मध्ये तिच्या बॅटमॅन आवृत्तीच्या ९९९ गाड्या १३५ सेकंदांत आरक्षित झाल्या. म्हणजे हौसेला आपल्याकडे गिऱ्हाईक नाही, असे म्हणायची सोय राहिली नाही. फक्त ते गिऱ्हाईक मागच्या सीटवर आई-बाबांनाही बसवू पाहते.

चाकणचीच फोक्सवॅगन 'व्हर्टस जीटी' ही चारदारी सेडान. दीड लिटरचे टर्बो इंजिन, १५० अश्वशक्ती, २५० न्यूटन-मीटर टॉर्क, ५२१ लिटरची डिकी आणि ग्लोबल एनकॅपचे पाच तारे. पाय हलका ठेवला की तिचे चारांपैकी दोन सिलिंडर झोपी जातात आणि पेट्रोल वाचते. २०२२ च्या जूनमध्ये जीटी प्लस १७ लाख ९१ हजारांना आली.

श्रीमंतांसाठी चाकणच्या मर्सिडीजने नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या वेगवान 'एएमजी' शाखेची जीएलसी ४३ कुपे जुळवायला घेतली. भारतात जुळवलेली ती पहिली एएमजी. व्ही-६ इंजिन, ३९० अश्वशक्ती, शून्य ते शंभर ४.९ सेकंद, किंमत ७६ लाख ७० हजार.

पैशाचा हिशेब

बाजारात आली त्या वेळच्या शोरूम किमतीला अश्वशक्तीने भागले की मजेशीर चित्र दिसते. एका अश्वशक्तीला अबार्थमध्ये सुमारे ६,९०० रुपये पडले, बीई ६ मध्ये ८,२००, व्हर्टसमध्ये ११,९००, अवंतीत १४,००० आणि एएमजीत १९,७००. वर्षे वेगळी असल्याने ही तुलना ढोबळच आहे. पण २०१५ च्या अबार्थनंतर नऊ वर्षांची महागाई पचवूनही बीई ६ इतकी जवळ आली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

त्यात कराची भर घाला. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब पेट्रोल गाडीवर ४० टक्के जीएसटी आहे, विजेवरच्या गाडीवर ५ टक्के. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर वाहन कर १२ टक्के. म्हणजे १८ लाखांच्या गाडीला २ लाख १६ हजार नुसते आरटीओला. विजेच्या गाडीला हा कर माफ आहे आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलही माफ. आजच्या घडीला वेगाची हौस सर्वांत स्वस्तात भागते ती विजेवर, आणि त्यामागे तंत्राइतकाच सरकारी हिशेब आहे.

हात लावून पाहण्याची बांधणी

चाचणीचे तारे पाहाच, पण शोरूममध्ये आणखी पाच मिनिटे घालवा. दार आणि फेंडर यांमधल्या फटीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवा. ती एकसारखी आहे का? काच पूर्ण वर असताना मागचे दार हलक्या हाताने बंद करा, नीट लागते का? मग घरातल्या सर्वांत उंच माणसाला मागे बसवा. छत उतरते तिथे डोके टेकते की नाही, हे माहितीपत्रकात कधीच छापलेले नसते. चालकाच्या आरशातून मागच्या काचेत पाहा. उतरत्या छताच्या गाडीत ती काच चिंचोळी दिसते आणि लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत रिव्हर्स घेताना सगळी भिस्त कॅमेऱ्यावर पडते. पावसाळ्यात कॅमेऱ्यावर चिखल बसला की काय होते, ते पुणेकराला सांगायला नको. टेस्ट ड्राइव्ह गुळगुळीत बाणेर रस्त्यावर न घेता एखाद्या गल्लीतल्या उंच स्पीडब्रेकरवरून घ्या. खडखडाट असेल तर तिथेच कळतो.

वेग कुठे वापरणार?

द्रुतगती मार्गावर मोटारींना कमाल वेग ताशी १०० किलोमीटर. घाटात त्याहून कमी, आणि वर कॅमेऱ्यांचा पहारा. त्यामुळे शून्य ते शंभर हा आकडा चहाच्या टेबलावर जास्त आणि रस्त्यावर कमी उपयोगी पडतो. खरी कामगिरी दिसते ती ताम्हिणी घाटात ट्रकच्या मागे अडकल्यावर साठवरून नव्वदवर सुरक्षित जाण्यात, वळणावर गाडी न झुकण्यात आणि उतारावर ब्रेक न दमण्यात. बीई ६ चा पिकअप चकित करतो, पण जवळपास दोन टनांचे वजन वळणावर जाणवते. साडेबाराशे किलोच्या आसपासची व्हर्टस ताकदीत मागे असूनही घाटात जास्त चपळ वाटते.

मे २०२४ मध्ये कल्याणीनगरात कायमची नोंदणीही न झालेल्या भरधाव पोर्शने मोटारसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्यानंतर या शहरात वेगवान गाडीबद्दल लिहिताना चालकाचा विचार टाळणे हा बेजबाबदारपणा ठरेल. गाडी किती पळते यापेक्षा ती कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न मोठा आहे.

तेव्हा निकाल असा. चालवण्याचा आनंद आणि बांधणी यांचा मेळ हवा असेल तर व्हर्टस जीटी. कमी पैशात जास्तीत जास्त ताकद हवी आणि घरी चार्जर लावायची सोय असेल तर बीई ६. घरच्यांना न दुखवता कुपेचे रूप हवे असेल तर कर्व्ह. सुट्या भागांसाठी दुकाने पालथी घालायची तयारी आणि ओळखीचा चांगला मेकॅनिक असेल तर वापरलेली अबार्थ अजूनही नजर ठेवण्याजोगी आहे. आणि खरीखुरी दोनदारी कुपेच हवी असेल तर आयात कर मोजायची तयारी ठेवा, कारण पुणे परिसरात ती अजून कुणी तयार करत नाही.