८.४ व्होल्टचा चकवा

खेळामागचं यंत्र : भाग ४

एअरसॉफ्ट रायफलीचा गिअरबॉक्स मागच्या भागात पाहिला. मोटर गिअर फिरवते, गिअर पिस्टनला मागे खेचतात आणि स्प्रिंग सुटली की हवेच्या दाबानं ६ मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी बाहेर पडते. मोटरला लागणारी वीज बॅटरी पुरवते. नवा खेळाडू चुकतो तो ही बॅटरी निवडताना, आणि त्याहून जास्त चार्जर निवडताना.

टोकियो मारुई या जपानी कंपनीनं १९९१ मध्ये फामास ही विजेवर चालणारी रायफल बाजारात आणली आणि या खेळाचं रूप पालटलं. योगायोग असा, की त्याच वर्षी सोनीनं लिथियम-आयन बॅटरी विक्रीला काढली. पण त्या काळच्या रायफलींमध्ये असायचे निकेल-कॅडमियमचे सेल. पुढे निकेल-मेटल हायड्राइड आले आणि त्यानंतर लिथियम-पॉलिमर, म्हणजे खेळाडूंच्या तोंडचं ‘लिपो’.

खरेदीची सुरुवात मोजपट्टीनं करावी. काही रायफलींत बॅटरी मागच्या दस्त्यात बसते, काहींत पुढच्या पकडीच्या आत, तर काहींत दस्त्याच्या अरुंद नळीत. दोन-तीन तुकडे वायरीनं जोडलेली ‘नन्चाकू’ बॅटरी अशा आडवळणाच्या जागेसाठीच असते. प्लगही जुळायला हवा. बऱ्याच रायफलींना कारखान्यातूनच छोटा तामिया प्लग लावलेला असतो, तर जास्त करंट वाहून नेण्यासाठी अनेक जण डीन्स प्लग बसवून घेतात.

मग येतं व्होल्टेज. निकेलच्या एका सेलचं व्होल्टेज १.२ धरतात, म्हणून सात सेलची बॅटरी ८.४ व्होल्टची. लिपोचा एक सेल ३.७ व्होल्टचा, म्हणजे दोन सेलची ७.४ आणि तीन सेलची ११.१. मूळ स्थितीतल्या रायफलीला साधारणपणे ७.४ची लिपो पुरते. ११.१ची लावली की गोळ्या भराभर सुटतात, पण एकेका गोळीचा वेग त्यामुळे वाढत नाही, कारण तो मुख्यतः स्प्रिंग ठरवते. उलट पिस्टन पुरता पुढे यायच्या आत गिअर त्याला पुन्हा पकडू शकतो आणि दाते तुटू शकतात. ट्रिगरमागचे तांब्याचे संपर्कही ठिणग्यांनी जळत जातात. ते वाचवायला मॉसफेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच बसवतात.

बॅटरीवरच्या लेबलचा नमुना पाहा : ७.४ व्होल्ट, १३०० एमएएच, २० सी. १३०० एमएएच म्हणजे तासभर १.३ ॲम्पियर, आणि ‘सी’ म्हणजे त्याची पट; म्हणून १.३ ॲम्पियरला २०नं गुणलं की २६ ॲम्पियर येतात. एवढा करंट ही बॅटरी सलग देऊ शकते, असा निर्मात्याचा दावा असतो. चार्ज करताना मात्र, लेबलवर वेगळं लिहिलेलं नसेल तर, १ सी धरावा, म्हणजे १.३ ॲम्पियर. त्या हिशेबानं रिकामी बॅटरी भरायला तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो.

चकवा आहे तो चार्जरपाशी. लिपोचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर जातो, म्हणजे ७.४ची बॅटरी भरल्यावर नेमके ८.४ व्होल्ट दाखवते. निकेलच्या बॅटरीवर छापलेला आकडाही हाच. त्यामुळे एकाच चार्जरवर दोन्ही चालतील असं वाटतं, आणि इथंच धोका आहे. निकेलची बॅटरी भरल्यावर तिचं व्होल्टेज किंचित खाली येतं. ही घसरण ओळखूनच निकेलचे स्वयंचलित चार्जर थांबतात. लिपोमध्ये ती घसरण येतच नाही. चार्जर वाट पाहत राहतो, सेल ४.२च्या पुढे ढकलले जातात, फुगतात आणि पेटूही शकतात.

लिपोसाठी म्हणूनच बॅलन्स चार्जर हवा. दोन सेलच्या बॅटरीला मुख्य प्लगखेरीज तीन बारीक वायरींचा छोटा पांढरा प्लग असतो. त्यातून चार्जर प्रत्येक सेल स्वतंत्रपणे तपासतो आणि दोन्ही सेल सारखे भरतो. पैसे मोजकेच असतील तर महागड्या बॅटरीऐवजी आधी चांगला चार्जर घ्यावा. त्याच्या पडद्यावर बॅटरीचा प्रकार आणि सेलची संख्या बरोबर निवडली आहे ना, हे दर वेळी पाहावं. चार्जिंग फरशीवर किंवा आग न धरणाऱ्या पिशवीत करावं, आणि ते चालू असताना घर सोडून जाऊ नये.

खेळतानाही सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. बॅलन्स प्लगला लावायचा छोटा अलार्म वेळीच ओरडून सावध करतो. काही आठवडे खेळ नसेल, तर सेलमागे ३.८ व्होल्ट ठेवून बॅटरी रायफलीतून काढून ठेवावी. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नये. ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावी.

पुढच्या भागात : मॉसफेटचं काम आणि त्याची जोडणी.